रांजणगावची फुली, कवठ्याचा खड्डा

शाकीर मुलाणीच्या जागेला शिरूरमध्ये कुणी दुकान म्हणत नसे आणि ऑफिस म्हणायला लोकांची जीभ वळत नसे. मार्केट यार्डासमोर भैरूशेठचं खता-बियाणांचं दुकान होतं, त्याच्या बाजूने एक अरुंद जिना वर जाई आणि जिना संपला की एकदम शाकीरचा संगणकच लागे. दारावर 'मुलाणी कॅड सर्व्हिसेस' अशी पाटी होती. ती वाचून बऱ्याच जणांनी टीव्ही दुरुस्तीला आणला होता आणि एका आजोबांनी तर खुर्चीत बसून थेट दाढ दाखवली होती. शाकीरने त्यांनाही पाणी दिलं. धंदा नवा होता, आल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं.

संगणकावर रेघा काढून देणं हा त्याचा धंदा. मग त्या कशाच्याही असोत. रांजणगावच्या एका कंपनीच्या लोखंडी पार्टची ड्रॉइंग, लग्नाच्या मांडवाचा आराखडा, कुणाच्या गोठ्याचा नकाशा, सगळं तो त्याच टापटिपीने काढी. गिऱ्हाईक लहान असो की मोठं, सगळ्यांना सारखं वागवायचं हे त्याचं तत्त्व होतं, म्हणून सगळ्यांची कामं त्याने एकाच फोल्डरमध्ये, नावाप्रमाणे लावून ठेवली होती. हे तत्त्व पुढे त्याला चांगलंच भोवणार होतं, पण तूर्तास त्याचा त्याला अभिमान होता.

दोन हजार तीन सालच्या मे महिन्यात, एका सोमवारी, कंपनीच्या राजनंदिनी मॅडमनी त्याला बोलावून घेतलं. ड्रॉइंग तपासून पास करायच्या त्या याच. वयाने शाकीरपेक्षा लहान, कवठे येमाईकडच्या. त्यापलीकडे काही विचारायची शाकीरची छाती झाली नव्हती, कारण मॅडम कधी आवाज चढवत नसत आणि त्यामुळे समोरच्याला भांडायला जागाच राहत नसे.

"सर, तुमचे सेंटर मार्क दिसत नाहीत," त्या म्हणाल्या.

पार्टमध्ये जिथे भोक पाडायचं असतं तिथे ड्रॉइंगवर एक गोल असतो आणि त्या गोलाच्या बरोबर मध्ये बारीकशी फुली असते, अधिकाच्या चिन्हासारखी. तोच सेंटर मार्क. कामगार त्या फुलीवरून माप धरतो. शाकीरच्या फुल्या नाजूक असत. त्याला त्या तशाच आवडत.

"दिसतात की मॅडम. जवळून बघितलं तर दिसतात."

"परवा आमच्या माणसाने माशीच्या डागावर माप धरून भोक पाडलं. भोक सुंदर पडलं. पण आम्हाला ते तिथे नको होतं."

मॅडमनी सांगितलं की सगळ्या ड्रॉइंगमधल्या सगळ्या फुल्या अडीच मिलिमीटरच्या पाहिजेत, शनिवार सकाळपर्यंत. शनिवारी पास झाल्या तर कंपनीच्या कायमच्या यादीत मुलाणींचं नाव लागेल, नाहीतर काम पुण्याच्या पार्टीकडे जाईल. ड्रॉइंग तीनशेच्या वर होती आणि एकेका ड्रॉइंगमध्ये चाळणीसारखी भोकं होती.

एवढ्यावरच भागलं असतं तर शाकीर घाबरला नसता. पण नेमके त्याच आठवड्यात त्याचे सासरे पाशाभाई दौंडहून मुक्कामाला आले होते. पाशाभाई रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते, पण रेल्वे त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांची शिट्टी अजून खिशात असे आणि जेवायला पाच मिनिटं उशीर झाला की ते सबाला, म्हणजे आपल्या मुलीला, गाडी कुठं अडकली म्हणून विचारत. जावयाने पुण्याची नोकरी सोडून खताच्या दुकानावर रेघा मारत बसावं हे त्यांना पहिल्यापासून मान्य नव्हतं.

"शाकीरमियाँ, दौंडजवळच्या एका कारखान्यात जागा निघाली हाय," त्या रात्री जेवताना ते म्हणाले. "ड्राफ्ट्समनची. मी बोलून ठेवलंय. राह्यला आमची माडी रिकामीच हाय."

शाकीरचा घास हातातच राहिला. नोकरी एक वेळ ठीक, पण सासऱ्याच्या माडीवर राहायचं म्हणजे घरजावई, आणि तोही शिट्टीवर उठणारा आणि शिट्टीवर झोपणारा. सबानेही ताटातली भाकर उगीच मोडली. तिला शिरूर आवडत होतं आणि वडील दौंडला असलेलेच आवडत होते.

"अब्बा, शनिवारी रांजणगावचं काम पास होणार आहे," शाकीर म्हणाला. "झालं तर हा विषय कायमचा बंद. नाही झालं तर मी स्वतः सामान बांधतो."

"मंजूर," पाशाभाई म्हणाले. "शनिवारपर्यंत मी हितंच थांबतो."

बोलून गेल्यावर शाकीरला घाम फुटला, पण सबासमोर शब्द गेला होता.

मंगळवारी सकाळी त्याला हसूच आलं. एवढ्याशा कामासाठी आपण काल घाबरलो काय. संगणकात फुलीचं माप ठरवायचा एक आकडा असतो. त्याने तो बदलला, ड्रॉइंग साठवलं, छापलं आणि छापलेल्याकडे न बघताच गुंडाळी काखेत मारून एम-एटी गाडीवरून रांजणगाव गाठलं. मॅडमनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघितलं.

"सर, यात काय बदललंय?"

काहीच बदललं नव्हतं. तो आकडा पुढे काढायच्या फुल्यांसाठी होता, आधी काढून बसलेल्या फुल्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. शिवाय आज गेटवरच्या वॉचमनने त्याचं नाव दोनदा लिहून घेतलं होतं आणि भेटीचं कारण म्हणून 'फुली' असं लिहिलं होतं. शाकीरचा स्वाभिमान तिथेच निम्मा झाला.

दुपारी तो एकेक फुली हाताने मोठी करायला बसला. मदतीला पाशाभाई आले. मदत म्हणजे त्यांनी शेजारी खुर्ची टाकली आणि प्रत्येक फुली झाली की "सुटली" असं म्हणायचं काम स्वतःकडे घेतलं. मधूनच एखादी फुली राहिली की शिट्टी वाजे. शिट्टी ऐकून खालचा भैरूशेठ वर आला. मग यार्डातला हमाल आला, हमालाच्या मागे चहावाला आला. सगळे स्क्रीनकडे बघत उभे राहिले आणि प्रत्येकाला काही ना काही सुचू लागलं. हमालाचं मत पडलं की कागदच मोठा घ्यावा, म्हणजे फुली आपोआप मोठी दिसेल. चहावाल्याने कंपनीला भिंगं वाटायचा तोडगा सुचवला. पाशाभाई म्हणाले, रेल्वेत असं असतं तर फुलीला लाल रंग दिला असता.

संध्याकाळपर्यंत कसंबसं एक ड्रॉइंग झालं. भैरूशेठला ते बघवेना.

"अवं शाकीरभाई, खुरपत काय बसलाय एकेक? तणनाशक मारा की," तो म्हणाला. "एकदा पंप फिरला की सगळं रान साफ. आमच्याकडं माणसं आता खुरपी इकत न्हाईत."

भैरूशेठ आयुष्यात कधी संगणकाला शिवला नव्हता, पण हा सल्ला एकदम पटणारा होता. शाकीरने ठरवलं, एक छोटासा प्रोग्राम लिहायचा. प्रोग्राम प्रत्येक ड्रॉइंग उघडेल, एकमेकींना मध्यावर छेदणाऱ्या दोन बारीक रेघा दिसल्या की त्यांना अडीचपट करेल, ड्रॉइंग बंद करेल आणि पुढचं उघडेल. मूळ फुल्या एक मिलिमीटरच्या होत्या, म्हणजे हिशोब सरळ होता. तणनाशक मारताना त्याला कोणतं तण आणि कोणतं पीक हे ओळखता यावं लागतं, एवढी गोष्ट भैरूशेठने सांगितली नाही आणि शाकीरने विचारली नाही.

बुधवारी सकाळी प्रोग्राम तयार झाला. शाकीरने तो सगळ्या फोल्डरवर लावला. त्या फोल्डरमध्ये सगळ्यात वर, नावाप्रमाणे लावलेलं असल्यामुळे, कवठे येमाईच्या आनंदराव आबांच्या डाळिंबाच्या बागेचा नकाशा होता. आबा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. त्यांच्या नकाशात झाड कुठे लावायचं ते दाखवायला शाकीरने फुल्या मारल्या होत्या. कंपनीच्या कामामुळे फुली मारायचं बटण हाताशी होतंच, त्यानेच त्याने आबांची सगळी डाळिंबं लावून टाकली होती.

"सोडू का गाडी?" पाशाभाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता शिट्टी वाजवली. प्रोग्राम धावू लागला. ड्रॉइंग उघडत होती, मिटत होती, फुल्या टरारून फुगत होत्या. शाकीरला भरून आलं. त्याने सबाला बोलावून आणलं. सबा म्हणाली, "अहो, किती छान पळतंय," आणि वीज गेली.

यूपीएस दोनदा कण्हला आणि शांत झाला. वीज परत आली तेव्हा कुठपर्यंत काम झालं होतं हे कुणालाच सांगता येईना. शाकीरने विचार केला, राहून जायला नको, पहिल्यापासूनच पुन्हा चालवू. त्याने पुन्हा चालवला. या वेळी पाशाभाईंच्या शिट्टीवर बंदी होती. प्रोग्राम शेवटपर्यंत गेला. शाकीरने शेवटचं ड्रॉइंग उघडून बघितलं. फुल्या एकदम ठसठशीत, अडीच मिलिमीटर, मापात. पहिल्या अर्ध्या ड्रॉइंगना दोन-दोन डोस मिळाले होते हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

तेवढ्यात आबांचा पुतण्या सत्यजीत जिना चढून आला. जीप खाली चालूच होती. "भाई, आबांच्या बागेचा नकाशा झाला का? जेसीबी दारात उभा हाय आन् आबा पुण्याला मीटिंगला गेल्यात. सांगून गेल्यात, नकाशाबरहुकूम खड्डे काढा, इंचभर इकडं तिकडं नको." शाकीरने आनंदाच्या भरात नकाशा छापला आणि कागद गरम असतानाच गुंडाळून त्याच्या हातात दिला. त्या दिवशी तो कुणाच्याही हातात काहीही द्यायला तयार होता.

दुपारी तो सीडी घेऊन रांजणगावला गेला. वॉचमनने न विचारताच 'फुली' लिहिलं. मॅडमनी यादीतलं पहिलंच ड्रॉइंग उघडलं आणि दोघेही स्क्रीनकडे बघत राहिले. फुल्या गोलाच्या बाहेर चारी बाजूंनी निघाल्या होत्या, शेजारच्या फुल्यांना भिडल्या होत्या, आणि सगळा पार्ट खिडकीच्या जाळीसारखा दिसत होता. कोपऱ्यात कंपनीच्या चिन्हात एक छोटंसं अधिक होतं, तेही फुगून कंपनीच्या नावावर बसलं होतं.

"सर," मॅडम नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "आधी फुली दिसत नव्हती. आता भोक दिसत नाही."

शाकीर घरी आला आणि न जेवता झोपला. पाशाभाईंनी फक्त दौंडच्या एसटीच्या वेळा विचारल्या, आणि ते टोमण्यापेक्षा वाईट होतं.

गुरुवारी शिरूरची वीज दिवसभर बंद असे. कंपनीलाही गुरुवारचीच सुट्टी असे. अंधाऱ्या खोलीत मुलाणी कॅड सर्व्हिसेसचे मालक गार पडलेल्या संगणकासमोर बसले होते. सबाने चहा आणला. एक घोट घेतला आणि शाकीरने कप खाली ठेवला. पाक होता तो.

"मी साखर टाकली होती," सबा म्हणाली.

"मला काय म्हाईत? मी बी टाकली," पाशाभाई म्हणाले. "म्हटलं, राहिली असंल."

शाकीर कपाकडे बघत बसला. त्याच्या ध्यानात आलं की आपण काल हेच केलं. आधी साखर पडली आहे की नाही हे न बघता वरून आणखी घातली. फुलीला वाढ म्हणून सांगायचंच नाही. आत्ता कितीही असलीस तरी अडीच मिलिमीटरची हो, असं सांगायचं. मग वीज जावो, येवो, प्रोग्राम कितीदा का चालेना, फुली अडीचच राहील. त्याला इतका आनंद झाला की तो उरलेला चहा पिऊन बसला. पण चिन्हातलं अधिक कसं वाचवायचं आणि नुसती फुली कोणती, सेंटर मार्क कोणता, हे प्रोग्रामला कसं कळावं, ते काही त्याला सुचेना.

तोच खाली जीपचा हॉर्न वाजला. सत्यजीत वर आला तो खाली मान घालून.

"भाई, आबांनी तुम्हाला शेतावर बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

"काय झालंय?"

"तुम्ही बघाच चला."

पाशाभाईंनी टोपी घातली. "मी येतो. गार्डाशिवाय गाडी सोडायची न्हाई," ते म्हणाले. शाकीरला वाटलं, आपली फजिती बघायला निघाले आहेत.

कवठ्याला शेताच्या बांधावर ही गर्दी. गावातले होते, केंदूरहून मोटारसायकलवर आलेले होते, शेवंताबाई नावाच्या एक आजीबाई पाटी-खुरपं घेऊन पुढेच बसल्या होत्या. माणसं बाजूला झाली आणि शाकीरला ते दिसलं. सगळ्या रानभर, ओळीने, चार-चार फुटांच्या अधिकाच्या आकाराचे खड्डे होते. एक सुद्धा ओळ वाकडी नव्हती. सगळे काटकोन बरोबर होते. खोटं कशाला सांगा, आता आपलं काय होणार हे सुचण्याआधी शाकीरला क्षणभर अभिमानच वाटला.

जेसीबीचा ऑपरेटर सावलीत बसला होता. तो उठून आला. "साहब, नक्शे में जैसा था, वैसा ही खोदा है. नापकर. गोल होता तो गोल खोदते, गोल तो कहीं था ही नहीं."

शाकीर जागच्या जागी उभा राहिला. गोल नव्हता. बागेच्या नकाशात गोल नव्हता, कंपनीच्या चिन्हातही नव्हता. सेंटर मार्क गोलाच्या मध्ये असतो, गोलाशिवाय असतच नाही. प्रोग्रामला आधी गोल शोधायला सांगायचं, आणि गोल असेल तरच त्याच्या मधल्या फुलीला हात लावायचा. कालपासून डोकं फोडून जे सुचलं नव्हतं ते डाळिंबाच्या बांधावर सुचलं होतं. तो चक्क हसला. समोरून आनंदराव आबा येत होते, पांढरंशुभ्र धोतर, हातात गुंडाळलेला नकाशा, आणि या प्रसंगाला ते हसणं अजिबात शोभणारं नव्हतं.

"हसताय? या, या," आबा म्हणाले आणि त्याचा दंड धरून त्याला गर्दीसमोर उभं केलं. "मंडळी, हेच ते मुलाणी. ज्यांनी आराखडा केला."

मग शाकीरला सगळा उलगडा झाला. आबा सकाळी पुण्याहून आले तोवर गाव बांधावर जमलं होतं. त्यांनी रान बघितलं, तोंड उघडलं, आणि जो शब्द येणार होता तो येण्याआधीच कुणीतरी विचारलं, "आबा, ही इस्रायलची पद्धत का?" पुढच्या महिन्यात सोसायटीची निवडणूक होती. आपल्याच रानात आपल्याला न विचारता काहीतरी भलतंच झालंय असं चेअरमनने चारचौघांत कसं म्हणावं? आबा म्हणाले, "व्हय." त्या एका व्हयवर केंदूरहून मोटारसायकली निघाल्या होत्या.

"सांगा, ह्याचा फायदा काय त्यो," आबा म्हणाले. दंड त्यांनी सोडला नव्हता.

शाकीरच्या मनात आलं, द्यावं काहीतरी ठोकून. पण त्याला ते जमणारं नव्हतं. "मंडळी, खरं सांगायचं तर ही माझी चूक झालेली आहे," तो म्हणाला. "फुल्या मोठ्या झाल्या, त्या व्हायला नको होत्या."

"बघा, किती साधा माणूस," शेवंताबाई म्हणाल्या. "येवढं करून म्हणतो चूक झाली." गर्दीत माना डोलल्या. केंदूरच्या एकाने तर त्याची दोन एकर आत्ताच लिहून घ्या म्हणून सांगितलं. शाकीर जितक्या वेळा चूक म्हणाला तितका त्याचा भाव वाढत गेला.

तेवढ्यात मागून शिट्टी वाजली. सगळे वळले. पाशाभाई पुढे आले, एका खड्ड्याच्या काठावर उभे राहिले आणि म्हणाले, "मी सांगतो. हे आमचे जावई हाईत."

शाकीरला खरोखर पायाखालची जमीन सापडेना. पाशाभाईंनी गेल्या चार वर्षांत त्याची ओळख 'सबाचा नवरा' अशीच करून दिली होती.

"दौंड जंक्शन बघितलंय का?" पाशाभाईंनी विचारलं. बहुतेकांनी बघितलं होतं. "गाड्या येत्यात सगळीकडून, पण थांबत्यात कुठं? मधी. तसं झाड मधी. पाणी घाला चारी टोकांना, येणार मधी. मुळी पळणार चारी बाजूला, तिला लाइन क्लिअर. गोल खड्ड्यात मुळी काय करती? गरागरा फिरती. त्याला आम्ही शंटिंग म्हणतो. शंटिंगमधी नुसता टाइम जातो."

यावर कुणालाच काही शंका राहिली नाही. तालुक्याचे कृषी सहायक गर्दीत होते, तेसुद्धा म्हणाले की विचार करण्यासारखं आहे. आबांनी शाकीरचा दंड सोडला.

गर्दी पांगली तशी वस्तीवरच्या घरातून एक मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. शाकीरने कप घेतला, वर बघितलं आणि त्याचा हात थांबला. राजनंदिनी मॅडम होत्या.

"आमची धाकटी," आबा म्हणाले. "रांजणगावला असती कंपनीत. आज सुट्टी हाय."

मॅडमनी रानाकडे एकदा, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. "सर, हे माझे सेंटर मार्क आहेत," त्या म्हणाल्या.

"हो," शाकीर म्हणाला. "थोडे मोठे झालेत."

"आबा, ही चूक आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?"

आबांनी इकडं तिकडं बघून घेतलं. "आगं, मला काय कळत न्हाई व्हय? पर गाव बघाय आलं म्हटल्यावर खड्डा बुजवू कुठं आन् कसा? आन् आता पाहुण्यांनी सांगितल्यापासून मला बी खरंच वाटाय लागलंय." मग शाकीरकडे वळून त्यांनी आवाज खाली घेतला. "ह्यातलं आपल्यातच राहू द्या."

"शेताचं तुम्ही बघा आबा," मॅडम म्हणाल्या. "पण सर, ड्रॉइंगमध्ये जंक्शन चालणार नाही. शनिवार म्हणजे शनिवार."

परत येताना जीपमध्ये शाकीर आणि पाशाभाई शेजारी बसले होते. शाकीरला खूप काही बोलायचं होतं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "अब्बा, तुम्ही का बोललात?"

"समोर आपली गाडी अडलेली दिसली तर गार्ड डब्यात बसून राहतो का?" पाशाभाई म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचा कान लाल झाला होता. शाकीरला त्या म्हाताऱ्याबद्दल एकदम माया वाटली, आणि ती लपवण्यासाठी त्यानेही दुसऱ्या बाजूला बघितलं.

शुक्रवारी वीज होती. शाकीरने नवा प्रोग्राम लिहिला. आधी गोल शोध. गोल असेल तर त्याच्या मधली जुनी फुली पूस आणि अडीच मिलिमीटरची नवी मार. गोल नसेल तर मुकाट्याने पुढे चल. या वेळी त्याने कंपनीचं काम वेगळ्या फोल्डरमध्ये काढून घेतलं, सगळ्यांना सारखं वागवायचं तत्त्व बाजूला ठेवलं, आणि चिन्हातलं फुगलेलं अधिक बदलून जुनं घातलं. प्रोग्राम सुरू झाला. मध्येच वीज गेली. शाकीर शांतपणे चहा प्यायला गेला, वीज आल्यावर परत आला आणि तोच प्रोग्राम पहिल्यापासून चालवला. भैरूशेठ जिन्यात उभा होता. "मारलं का तणनाशक?" त्याने विचारलं. "नाही," शाकीर म्हणाला, "आधी पीक ओळखायला शिकवलं." भैरूशेठला ते फारसं पटलं नाही.

शनिवारी मॅडमनी एकेक ड्रॉइंग उघडलं. पहिलं, मधलं, शेवटचं, मग कुठलंही. प्रत्येक गोलात एक ठसठशीत फुली, प्रत्येक फुलीभोवती एक स्पष्ट गोल.

"बरोबर आहेत," त्या म्हणाल्या आणि सही केली. कौतुकाचा आणखी एखादा शब्द येईल म्हणून शाकीर थांबला. तो काही आला नाही, पण निघताना मॅडमनी हाक मारली. "सर, त्या खड्ड्यात झाड नेमकं कुठं लावायचं?"

"मध्ये. फुलीच्या बरोबर मध्ये."

"आबांच्या माणसांना तेवढं लगेच कळलं. आमच्या कामगारांनाही आता कळेल," त्या म्हणाल्या, आणि शाकीरने त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. गेटवर वॉचमनने बाहेर जाण्याची वेळ लिहिली आणि विचारलं, "फुली झाली का?" झाली म्हणून सांगताना शाकीरला त्याला मिठी मारावीशी वाटली.

दुपारी तो आणि सबा पाशाभाईंना एसटी स्टँडवर सोडायला गेले. दौंडची गाडी लागलीच होती. पाशाभाई खिडकीशी बसले, त्यांनी वेळ बघितली, ड्रायव्हरच्या नावाने नेहमीप्रमाणे बोटं मोडली. कारखान्यातल्या जागेचा विषय त्यांनी काढला नाही. माडीचाही काढला नाही. सबा इतकी खूश होती की तिने वडिलांसाठी नको नको म्हणताना शेंगा घेतल्या.

गाडी सुरू झाली तसे पाशाभाई खिडकीतून अर्धे बाहेर आले. "शाकीरमियाँ, आमच्या परसात दोन लिंबं आन् एक शेवगा लावायचाय. नकाशा काढून पाठवा."

"काढतो अब्बा," शाकीर गाडीबरोबर चालत म्हणाला. त्याला दोन लिंबं आणि एका शेवग्याचं काम रांजणगावच्या यादीपेक्षा मोठं वाटलं.

"आन् ऐका," पाशाभाई ओरडले, "फुल्या बारीक काढा. खड्डे तुमची सासू खणणार हाय."